पुढची दोघं

मी पूल तपासायचो. एकतीस वर्षं तेच काम केलं. पूल बांधणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात, तपासणाऱ्याचं कुठेच नसतं. पण पूल खचला की पहिलं बोलावणं त्यालाच येतं. त्यामुळे एक सवय अंगात मुरली आहे. जे दिसलं तेवढंच लिहायचं, जे वाटलं ते खिशात ठेवायचं. हेही मी तसंच सांगणार आहे.

बायको हाडांच्या वॉर्डात सिस्टर होती. आमची ओळखही त्याच वॉर्डातली. परांचीवरून पडून मी उजवा पाय मोडून घेतला होता, आणि पाय टांगून पडलेल्या माणसाला तिने पहिलं वाक्य ऐकवलं ते असं, "पूल तपासायला आत्तापर्यंत लोक पायऱ्यांनी उतरत होते. तुम्ही नवीन पद्धत काढलीत." त्या दिवसापासूनचं तिचं 'तुम्ही' लग्नाला तेहतीस वर्षं झाली तरी सुटलं नाही. मी तिला सिस्टर म्हणतो. ती मला साहेब म्हणते, मुख्यतः टोमणा मारायचा असेल तेव्हा.

आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी चालायला सांगितलं आणि एका मित्राने माझ्या हातात गोल्फची काठी दिली. सिस्टर तेव्हा हसायची. "काठीने चेंडू लांब मारायचा आणि मग तोच हुडकत हिंडायचं. ह्यापेक्षा मारूच नये ना." पण निवृत्त झाली आणि दोन महिन्यांत घर तिला खायला उठलं. मग तीही यायला लागली. तिचा फटका जवळ पडतो, पण दोरी लावल्यासारखा सरळ जातो. माझा लांब जातो आणि कुठे जाईल ते देव जाणे.

सहलीचा बेत मुलीचा. सहा दिवस, चार मैदानं, आणि सगळा रस्ता कड्याच्या काठाकाठाने, खाली समुद्र. "बाबांनी गाडी चालवायची आणि आईने बाबांना," असं तिने निघताना बजावलं होतं.

पहिलं मैदान खडकाळ टेकाडांवर पसरलेलं होतं. आकाश शिशासारखं, वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली काटेरी झुडपं, आणि खाली काळ्या दगडांत समुद्राची धडक. सकाळी साडेसहाची, म्हणजे दिवसातली पहिलीच पाळी आम्ही घेतली होती. खेळणाऱ्यांना वेळेप्रमाणे सोडणारा म्हातारा लाकडी खोलीत बसला होता. त्याने वहीत आमची नोंद केली.

"तुमच्या आधी कोणी नाही," तो म्हणाला. "मैदान सगळं तुमचंच."

गोल्फमध्ये प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक हिरवळ असते, मखमलीसारखी कातरलेली. तिच्यात एक खळगा, खळग्यात झेंडा. सकाळी त्या हिरवळीवर दवाचा राखी पापुद्रा असतो आणि त्यावर पाऊल टाकलं की गडद ठसा उमटतो. पहिल्याच हिरवळीवर ठसे होते. दोन माणसं आली होती, झेंड्याभोवती फिरली होती आणि निघून गेली होती.

"माळी असतील," सिस्टर म्हणाली.

माळी गवत कापायला येतात. गवत कापलेलं नव्हतं. 

सातव्या टप्प्यावर मध्ये टेकडी होती. अशा ठिकाणी पलीकडची हिरवळ दिसत नाही, म्हणून तिथे खांबाला एक घंटा बांधलेली असते. पुढच्यांनी हिरवळ सोडताना ती वाजवायची. ती ऐकू येईपर्यंत मागच्यांनी फटका मारायचा नाही, नाहीतर एखाद्याचं डोकं फुटायचं. आमच्या पुढे कोणी नव्हतंच, म्हणून मी चेंडू मांडला.

टेकडीपलीकडे घंटा वाजली. एक ठोका, आणि मागोमाग एक लहान.

"वारा," मी म्हणालो.

पलीकडे उतरलो तर ती जागा खोलगट होती. झेंडा दांड्याला चिकटून लोंबत होता. घंटेची दोरी मात्र हलत होती. खाली धरायला लाकडी मूठ होती, तीही.

खेळ संपल्यावर मी म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने वही माझ्याकडे फिरवली. त्या दिवसाची पहिली ओळ आमचीच होती.

"सावकाश खेळत जा," तो म्हणाला. "घाई करून पुढच्यांना गाठायला जाऊ नका."

"पुढे कोणी नव्हतं म्हणालात ना?"

त्याने फडकं घेतलं आणि खिडकी पुसायला लागला. खिडकी स्वच्छ होती.

दुसरा दिवस नुसत्या प्रवासाचा होता. रस्ता कड्यात खोदलेला, एका वेळी जेमतेम दीड गाडी जाईल एवढा. खाडी आली की तो आत वळायचा आणि पलीकडच्या कड्यावरून पुन्हा बाहेर यायचा, त्यामुळे अर्ध्या तासाने आपण जिथे असणार ती जागा समोरच दिसायची. दुपारी अशाच एका खाडीवर सिस्टर म्हणाली, "आपल्यासारखीच गाडी."

पलीकडच्या कड्यावर राखी रंगाची गाडी चालली होती. आमच्याच बनावटीची. प्रत्येक वळणावर ब्रेक लागे तेव्हा तिचा मागचा एकच दिवा पेटत होता, उजवा.

"डावा गेलाय बिचाऱ्यांचा," मी म्हणालो.

संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर मी सिस्टरला ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं आणि मागे जाऊन पाहिलं. आमचा डावा दिवा पेटत नव्हता. माझ्याकडे जादा बल्ब असतात. मी तो तिथेच बदलला, हात पुसले आणि वर गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानाकडे जाताना पुढच्या खाडीपलीकडे ती गाडी पुन्हा दिसली. तिचे दोन्ही दिवे पेटत होते.

दुसऱ्या मैदानावर धुकं होतं. पहिल्या हिरवळीवर ठसे दिसले तेव्हा मी उकिडवा बसलो. खिशात मोजायची टेप असते, ती काढली.

"झालं सुरू," सिस्टर म्हणाली. "आता दवाचा अहवाल लिहा."

पुरुषाच्या उजव्या पावलाचा चवडा बाहेर वळलेला होता. पाय मोडून जोडल्यापासून माझा वळतो तसा. गोल्फच्या बुटांच्या तळाला घसरू नये म्हणून रबरी खुंट्या असतात. बाईच्या डाव्या बुटाची टाचेकडची एक खुंटी नव्हती. मी सिस्टरला म्हटलं, "डावा पाय वर कर." तिने माझ्या खांद्याला धरून पाय वर केला. मी तळ पाहिला. मग ती मान वाकवून खाली गवताकडे बघत राहिली. बराच वेळ पाय खाली टेकवायचंच विसरली.

"योगायोग," ती म्हणाली. वॉर्डात नातेवाइकांशी बोलायचा तिचा जो आवाज होता, त्या आवाजात.

पंधराव्या टप्प्यावर धुकं मिनिटभर फाटलं. पुढच्या हिरवळीवर दोन माणसं होती, दीडेकशे पावलांवर. बाईने झेंडा काढून हातात धरला होता. पुरुष खळग्यातून चेंडू काढायला वाकला. वाकताना त्याने डावा हात गुडघ्यावर टेकवला, उजवा पाय सरळ मागे ठेवला आणि टप्प्याटप्प्याने खाली गेला. उठताना बाईने न बघता कोपर पुढे केलं. त्याने न बघता ते धरलं.

आम्ही दोघंही हे पाहत होतो.

"हाक मारू या?" मी विचारलं.

"नको."

मलाही नकोच होतं. धुकं मिटलं. थोड्या वेळाने घंटा वाजली, एक ठोका आणि एक लहान, दोघांनी एकेक दिल्यासारखे. आम्ही तरीही तिथे उभेच राहिलो. मागून येणाऱ्या चौघांना आम्ही पुढे जाऊ दिलं. त्यांचा आरडाओरडा दूर गेल्यावर मगच आम्ही निघालो.

मैदानाच्या उपाहारगृहात चहा देणारी बाई आम्हाला बघून थबकली. "परत? काही राहिलं का?"

"आम्ही आत्ताच येतोय," सिस्टर म्हणाली.

बाईने खिडकीजवळच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे दोन रिकामे कप होते. एकाच्या बशीत साखरेची पुडी बारीक घडी घालून कपाखाली दाबून ठेवलेली होती. मी तसंच करतो. बाईने ते कप उचलले.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "मजा येतेय ना?" सिस्टर म्हणाली, "खूप." मग तिने फोन माझ्याकडे दिला आणि मीही म्हणालो, "खूप."

चौथ्या दिवशी तिसरं मैदान होतं, सगळ्यात उंच कड्यावर. खेळायलाच नको होतं, हे आता कळतं. पण तेव्हा दोघांपैकी कोणी तोंड उघडायला तयार नव्हतं. ती घाबरेल म्हणून मी गप्प, मी घाबरेन म्हणून ती. संसारात असं पुष्कळदा होतं.

चौथ्या हिरवळीवर मी आधी पोचलो. सिस्टर मागे झुडपात चेंडू शोधत होती.

दवावर एकाच माणसाचे ठसे होते.

उजवा चवडा बाहेर वळलेला. तो एकटा आला होता. झेंडा त्यानेच काढून बाजूला आडवा ठेवला होता; दवात दांड्याची रेघ होती. खळग्याजवळ गुडघा टेकल्याची खूण होती. उठताना त्याने दोन्ही हात जमिनीला लावले होते. दहा बोटं स्पष्ट दिसत होती.

मी कमरेचा टॉवेल काढला आणि ते सगळं पुसलं. सिस्टर चढावरून वर आली तेव्हा मी चेंडू पुसत होतो.

त्यानंतर प्रत्येक हिरवळीवर आपण आधी पोचायचं असं मी ठरवलं. पाय दुखत होता तरी झपझप चालत होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की सिस्टरही झपझप चालतेय. मी वेग वाढवला की ती वाढवायची. साठी उलटलेले नवराबायको शर्यत लावल्यासारखे कड्यावरून चालले होते, आणि कोणी कोणाला विचारत नव्हतं की घाई कसली. काही ठिकाणी मी आधी पोचलो, काही ठिकाणी ती.

त्या मैदानावर घंटा नवव्या टप्प्यावर होती. आम्ही टेकडीच्या अलीकडे उभे राहिलो. पाच मिनिटं गेली, मग दहा. शेवटी घंटा वाजली.

एकच ठोका. लहान आलाच नाही.

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

खेळ अर्धवट टाकून साडेअकराला आम्ही गाडीत येऊन बसलो. गाडी समुद्राकडे तोंड करून उभी होती. काचेवर मिठाचा थर आला होता, त्यामुळे समुद्र नीट दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. मी किल्ली फिरवली नाही.

"साहेब, सकाळपासून पळत का होतात?"

"तू का पळत होतीस?"

ती बुटाच्या नाड्या सोडायला वाकली. 

"सहाव्यावर मी आधी पोचले," ती तिथूनच म्हणाली. "तिथे ती एकटीच होती."

"कोण?"

"मी."

मी तिला चौथ्या हिरवळीचं सांगितलं. दहा बोटांचंही सांगितलं. ती सावकाश उठून बसली.

"तुम्ही काय केलंत मग?"

"टॉवेलने पुसलं."

ती हसायला लागली. "मी पायाने," ती म्हणाली. "घासून घासून. केवढं गवत निघालं हो." आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. तेहतीस वर्षांत तिला मी रडताना फार थोडं पाहिलंय. वॉर्डात रडून चालत नाही, आणि घरी येईपर्यंत ते सुकून जातं, असं ती म्हणायची.

मी तिचा हात धरला. तो थंड होता, माझाही होताच.

"दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असतील?" मी म्हणालो. "एक तर तो एकटा असेल, नाहीतर ती. दोन नोंदी एकमेकींना खोडतात. म्हणजे दोन्ही रद्द."

"दोन रिपोर्ट वेगळे आले ना साहेब, तर आमच्याकडे रद्द नाही करत."

"मग?"

"तिसरी तपासणी करतात."

समुद्राची एक मोठी लाट खाली आदळली. गाडी किंचित हलल्यासारखी वाटली.

"नाही करायची," मी म्हणालो.

"नाही करायची," ती म्हणाली.

चौथं मैदान पुढच्या भूशिराच्या टोकाला होतं. रस्ता तिथपर्यंत जाऊन संपत होता. आम्ही तिकडे गेलो नाही. त्या अरुंद रस्त्यावर गाडी वळवायला मला सात-आठ वेळा पुढे-मागे करावं लागलं. मागचं चाक कड्याच्या दगडी कठड्यापाशी यायचं तेव्हा सिस्टर खाली उतरून हाताने खुणा करत होती, आणि मी आरशात फक्त तिच्याकडे बघत होतो. मग आम्ही मागे गेलो, आणि पहिल्या फाट्याला समुद्राकडे पाठ करून आतल्या रस्त्याला लागलो.

तासाभरात माती बदलली. झाडं सरळ उभी दिसायला लागली. खिडकी उघडी ठेवली तरी लाटांचा आवाज येत नव्हता. सिस्टरने रेडिओ लावला, दोन गाण्यांनंतर बंद केला, आणि म्हणाली, "घरी गेल्यावर आधी पडदे धुवायला टाकते." मला इतकं बरं वाटलं की कोणते पडदे, तेही मी विचारलं. एरवी तिच्या पडद्यांच्या गोष्टी मी ऐकतही नाही.

चारच्या सुमाराला पेट्रोल पंपावर थांबलो. सिस्टर तोंड धुऊन आली आणि गाडीत बसली. मला आठवलं, शेवटच्या हॉटेलात आपण आज येणार नाही हे कळवलेलं नाही. लोक वाट बघत राहतील, खोली अडकेल. मी पंपाच्या कोपऱ्यात गेलो आणि मोबाइलवरून नंबर लावला.

हॉटेलवाल्या बाईचा आवाज मऊ होता. मी आडनाव आणि आजची तारीख सांगून म्हणालो की आम्हाला यायला जमणार नाही.

"पण तुम्ही आलात की," ती म्हणाली. मग घोटाळल्यासारखी झाली. "म्हणजे, त्या नावाचे दोघेजण कालच आले. एक दिवस आधी आलोय म्हणाले. खोली होती, दिली आम्ही."

मी गाडीकडे पाहिलं. सिस्टर आरशात बघून केस सारखे करत होती.

"आहेत का तिथे?" मी विचारलं.

"सकाळी पहिल्याच पाळीला खेळायला गेले होते." बाईचा आवाज उतरला. "आपण त्यांच्या नात्यातले का?"

उत्तराची वाट न बघता ती आणखी हळू बोलायला लागली, जवळ कोणी बसलं असावं तसं.

"बाई आहेत इथे. जेवणघरात बसल्यात, दुपारपासून. काही घेत नाहीत, काही बोलत नाहीत. कुणाला कळवायचं तेही सांगत नाहीत. बरं झालं तुमचा फोन आला. देते हं त्यांना."

नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो नाही.

लाकडी जमिनीवर पावलं वाजत गेली. मग काही क्षण नुसता समुद्र ऐकू आला, अगदी जवळ. खुर्ची मागे सरकली. कोणीतरी फोन हातात घेतला.

"हॅलो?"

तिचा आवाज बसला होता, रडून बसतो तसा. पण तिचाच होता.

समोर, वीस पावलांवर, माझी बायको गाडीची काच खाली करून हात बाहेर काढत होती. पाऊस पडतोय का ते बघत होती.

"माफ करा," मी म्हणालो. "चुकून लागला."

पलीकडे श्वास थांबला. मी फोन बंद करणार होतो. अंगठा ठेवलाही होता.

"पुन्हा बोला ना," ती म्हणाली. "काहीही. थोडंच."

 पंपाच्या समोर, रस्त्यापलीकडे, गावांची अंतरं लिहिलेली पाटी होती. मी ती वाचायला लागलो. गावाचं नाव आणि पुढे किलोमीटर. बावीस. एकोणचाळीस. एकसष्ट. प्रत्येक आकड्यानंतर ती अगदी हळू "हं" म्हणत होती. गाडीतून सिस्टरने मनगटावर बोट ठेवून निघायची खूण केली. मी हात वर करून तिला थांब म्हटलं.

पाटी संपली.

"अजून," फोनमध्ये ती म्हणाली.

मी पुन्हा वरून सुरुवात केली.